आपल्याच गावचं भूत

साकोलीच्या बसस्टँडवर टिकाराम डोंगरवार नावाचा एक कंट्रोलर होता. 'गोंदियाकडे जाणारी गाडी दोन नंबरवर उभी आहे' एवढंच भोंग्यावरून सांगायचं, पण ते तो असल्या रडव्या आवाजात सांगे की ऐकणाऱ्याला वाटावं, गाडी नाही, तिरडीच उभी आहे. अंगानं काटकुळा, गळ्याला बारमाही मफलर, खिशात दोन पेनं. एक नोकरीचं आणि एक भुतांचं. हो, भुतांचं! हा माणूस भयकथा लिहीत असे, आणि थोड्याथोडक्या नाही. एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासून दर अवसेला एक.

आता गंमत अशी की टिकारामाइतका भित्रा माणूस अख्ख्या तालुक्यात शोधून सापडला नसता. अंगावर पाल पडली की हा खाटेवर. दिवस बुडाल्यावर परसात जायचं तर बायको कंदील घेऊन दाराशी उभी पाहिजे. बायको ललिताबाई तोंडानं फटकळ. ती म्हणायची, "लोकायले भेवाडते अन् स्वतः माह्या पदराले धरून चालते. असा कसा लेखक बापा!" टिकाराम यावर चिडत नसे. ज्याला भेव लागत नाही त्याला भेव लिहिता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

तो लिहायचा स्टँडवरच, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, रद्दीत निघालेल्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. गाडी चुकलेला माणूस म्हणजे त्याची खाण. चहा पाजला की माणूस बोलतो. कोणाच्या मामाला नागझिऱ्याच्या वाटेवर पांढरी बाई दिसलेली असते, कोणाच्या विहिरीतून हाका येत असतात. टिकाराम ते ऐके, आधी स्वतः घाबरून घेई, आणि मग लिही. लिहून झालं की लिफाफा नागपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे. टपालाचं तिकीट नाही, काही नाही.

लिफाफा जायचा केशवरावांकडे. नागपूरच्या एका गल्लीत छापखान्याच्या माडीवर हे गृहस्थ 'अवस' नावाचं मासिक काढत. नावाप्रमाणे ते दर अमावस्येला निघे. पौर्णिमेला कोणी मागायला गेलं तर केशवराव शिल्लक अंकसुद्धा विकत नसत. त्यांच्याभोवती दहा-बारा लिहिणारे जमले होते. तुमसरच्या राइस मिलमध्ये काट्यावर बसणारा यादोराव, पुरुषाचं नाव घेऊन लिहिणारी पवनीकडची एक नर्सबाई, एक जंगलखात्यातला, एक शाळामास्तर. मोठ्या साहित्यिकांच्या पंगतीत यांना कोणी पाटसुद्धा मांडला नसता. म्हणून ही मंडळी एकमेकांना धरून होती. पोस्टकार्डावर एकमेकांची विचारपूस करत. 'तुमची हडळ आवडली, घरी सर्व क्षेम' अशी कार्डं टिकारामाच्या पोस्टमननं इतकी वाचली होती की त्याला आता नवल वाटत नसे.

यांचे काही नेम होते. केशवरावांचा नेम असा, की प्रत्येक गोष्टीच्या माथ्यावर 'प्रत्यक्ष घडलेली' असं ठळक छापायचं आणि खाली गाव, तालुका, जिल्हा. त्याशिवाय वाचक हात लावत नाही म्हणे. आणि लिहिणाऱ्यांचा आपसातला नेम असा, की आपल्या गावचं भूत आपल्या गावात ठेवायचं नाही. टिकारामाची भुतं तुमसरच्या शिवारात हिंडत, यादोरावाची साकोलीच्या. नर्सबाईनं तर आपली सगळी पिशाच्चं वर्ध्याकडे नेऊन सोडली होती. यादोराव सांगे, "गड्या, लेखकाले गावात राहावं लागते. भुताले नाही."

दरवर्षी पितृपक्षात दिवाळी अंकासाठी सगळे नागपूरला जमत. प्रत्येकानं आपली गोष्ट वाचायची. वाचताना बाकीच्यांच्या हातात चहाचे कप. वाहवा करायची मुभाच नव्हती. वाचून संपेपर्यंत कपातला चहा तसाच राहून गार झाला तर गोष्ट पास, आणि ज्याच्या गोष्टीला चहा सर्वांत गार, ती मुखपृष्ठावर. यादोराव चार वेळा मुखपृष्ठावर झळकला होता. टिकाराम आठ वर्षांत एकदाही नाही. त्याच्या गोष्टीला लोक चहा पीत, वर चिवडा मागत. वरून तो हसे, पण परतीच्या गाडीत खिडकीला डोकं लावून बसलेला असे. माणसाला एवढंसं काहीतरी हवं असतं हो. त्याला ते हवं होतं.

आता टिकारामाच्या गावाचं सांगतो. साकोलीपासून सायकलीनं तासाभराच्या वाटेवर कवडीटोला. मोठा तलाव, तलाव अडवणाऱ्या मातीच्या पाळीखाली धानाच्या बांध्या, आणि पाळीच्या पायथ्याशी बायजाबाईची झोपडी. बायजाबाई गावची सुईण. नवरा केव्हाच गेलेला, पोटी लेकरू नाही, पण गावातलं चाळीस वर्षांखालचं यच्चयावत माणूस तिच्या हातावर जगात आलेलं. टिकारामाची एकुलती लेक रुखमिणी आडवी आली होती. ती बायजाबाईनंच सुखरूप काढली. गाव तिला बायजामाय म्हणे. धान घरात आलं की घरटी एक सूप तिच्याकडे पोचतं होई.

कवडीटोल्यात एक रीत होती. बाळंतपण झालं की बायजामाय नाळ-वार एका छोट्या गाडग्यात घालायची, वर मूठभर तांदूळ आणि लोखंडाचा एक खिळा. मग एकटीनं पाळीवर जाऊन ते गाडगं गाडून यायची. कुठं गाडलं ते बापाला सांगायचं नाही, आईला सांगायचं नाही. कोणी मागं जाऊन पाहायचं नाही. पाहिलं की जागा बाटली. कुत्र्यानं उकरू नये, वाईटावर असलेल्यानं उचलू नये, म्हणून ही लपवालपव. साधी रीत. लेकरू जपायची.

आणि ब्याऐंशी सालच्या पितृपक्षाच्या आदल्या आठवड्यात टिकाराम स्टँडवर कोरा कागद पुढं घेऊन बसला, आणि त्याला काही केल्या काही सुचेना, तेव्हा त्याला ही रीत आठवली. बुद्धी फिरली, दुसरं काय! त्यानं लिहिलं की एका गावात एक सुईण आहे. ती पाळीवर गाडगी गाडते. दर अवसेला त्यातलं एक उकरते, त्यात तोंड घालून लेकराचं नाव पुटपुटते, आणि ते लेकरू वाळत वाळत जातं. ज्याची नाळ तिच्याजवळ, त्याचा जीव तिच्याजवळ. लिहिताना त्याच्याच अंगावर काटा आला. गावाचं नाव बदलू असं तो मनाशी म्हणाला. मग पाळीवरचं मोहाचं झाड बदललं तर मजा जाते, झोपडी हलवली तर मजा जाते, असं करत करत त्यानं काहीच बदललं नाही. बायजाचं नाव तेवढं 'बाजाबाई' केलं. केवढी ती हुशारी!

नागपुरात त्यानं गोष्ट वाचली. संपली तेव्हा केशवरावांच्या कपावर साय धरली होती. नर्सबाईनं तर कप खाली ठेवून हात पदरात घेतले होते.

जिना उतरताना यादोरावानं त्याचा दंड धरला. "टिकाराम, हे गाव कोणचं हाय?"

"असंच. मनातलं."

"मनातल्या गावाले मोहाचं झाड इतकं बरोब्बर नसते बे. नाव बदल. अजून वेळ हाय, छापखान्यात खिळे जुळले नाहीत."

टिकाराम हो म्हणाला. आणि बदललं नाही. मुखपृष्ठावर सुईण छापून आली, पांढऱ्या केसांची, हातात गाडगं. खाली 'प्रत्यक्ष घडलेली – मौजा कवडीटोला, तालुका साकोली'. टिकारामानं तो अंक आठ दिवस उशीखाली ठेवला होता. सांगायला लाज वाटते, पण ते आठ दिवस त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे होते.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. तिथं फुगे, जिलेबी, पाळणे आणि पुस्तकंही मिळतात. कवडीटोल्याच्या किराणा दुकानदारानं, तुलारामानं, मंडईतून 'अवस' आणला आणि दुकानाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचला. तेल घ्यायला आलेले, मीठ घ्यायला आलेले, सगळे उभे राहून ऐकत राहिले. या तुलारामाचा नातू गेल्या माघात आठ दिवसांचा होऊन गेला होता. बाळंतपण अर्थात बायजामायनं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी टिकाराम सायकल घेऊन निघाला तर तुलाराम वाटेत उभा. डोळे सुजलेले. त्यानं टिकारामाचे दोन्ही हात धरले.

"कंट्रोलर, तुह्ये उपकार कसे फेडू? नऊ महिने झाले, मी देवाले पुसून राहिलो, काहून नेलं माह्या नातवाले? आज समजलं."

टिकारामाच्या पायाखालची जमीन सरकली. "तुलाराम, अरे, ते खोटं हाय. गोष्ट हाय ते. मी बनवली."

"खोटं?" तुलारामानं त्याच्याकडे पाहिलं, मग आवाज उतरवला. "समजलो. भेव लागते तुले. तिनं काई म्हटलं काय? तू बोलू नको बापा. तू लिवून दिलं तेच लय झालं."

झालं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. टिकाराम त्या दिवसापासून दिसेल त्याला सांगत सुटला की मी बनवली, मी बनवली. जितका सांगे तितका गावाचा विश्वास पक्का होई. छापलेलं खोटं कसं असेल? 'प्रत्यक्ष घडलेली' असं वर लिहिलंय की नाही? आणि हा माणूस एवढा घाबरून का हिंडतो मग?

ललिताबाईनं घरात त्याला फाडून खाल्लं. "त्या म्हातारीनं तुह्या पोरीचा जीव वाचवला, अन् तू तिले चेटकीण केली? तुले दुसरं कोणी भेटलं नाही? मले केलं असतं!" तिच्या हातचं जेवण त्याला चार दिवस गोड लागलं नाही.

त्या हंगामात बायजामायकडे एकाही घरचं सूप गेलं नाही. ललिताबाई तेवढी स्वतः घेऊन गेली. विहिरीवर म्हातारी आली की बाया घागरी उचलून निघू लागल्या. तिला पाहून आया लेकरांच्या तोंडावर पदर ओढू लागल्या, तिनंच न्हाऊमाखू घातलेल्या लेकरांच्या. बाळंतपणाला लोक बैलगाडीनं दुसऱ्या गावची सुईण आणू लागले. पोरं झोपडीवर ढेकळं मारून पळू लागली. बायजामाय कोणाला काही बोलली नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. गोष्टीत काय आहे तेसुद्धा तिनं तुकड्यातुकड्यानंच ऐकलं होतं.

पौषात टिकाराम नागपूरला गेला. यादोरावही आलेला होता. टिकारामानं केशवरावांपुढं हात जोडले. "एक खुलासा छापा. चार ओळी. गोष्ट काल्पनिक आहे एवढंच."

केशवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "टिकारामजी, एक गोष्ट खोटी म्हटली की नऊ वर्षांच्या साऱ्या खोट्या झाल्या. तुमच्या, यादोरावांच्या, बाईंच्या. मग उद्या 'अवस' घेतं कोण? आणि हे दहा-बारा जण लिहितील कुठं?"

यादोराव खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "बूंद से गई वो हौद से नहीं आती, टिकाराम." टिकाराम त्याच्यावर ओरडला, पण ओरडून काय होतं? परत येऊन त्यानं एक नवी गोष्ट लिहिली. तीत गाव एका सुईणीला छळतं आणि ती बिचारी निर्दोष निघते. कंडक्टरबरोबर पाठवली. आठव्या दिवशी परत आली, कोपऱ्यात केशवरावांच्या अक्षरात लिहिलेलं: 'मजकूर चांगला, पण यात भीती कुठं आहे?'

फाल्गुनात तलावाचं पाणी उतरलं, पाळ उघडी पडली, आणि तुलाराम दहा-पंधरा जणांना घेऊन कुदळी-फावड्यांसहित पाळीवर गेला. टिकाराम ड्यूटीवरून परतत होता. पाळीवर गर्दी पाहून सायकल टाकून धावला. मोहाच्या झाडाखाली खड्डेच खड्डे. आणि गाडगी निघत होती. एक, दोन, दहा. जुनी, मातीनं भरलेली, आत गंजलेले खिळे.

"थांबा!" टिकाराम ओरडला. "मी खोटं लिवलं होतं! शप्पथ घेऊन सांगतो!"

"खोटं लिवलं तर हे गाडगे कुठून आले?" तुलारामानं विचारलं.

टिकाराम म्हणाला, "ते खरं हाय, बाकीचं खोटं हाय." स्वतःच्याच कानांना ते पोरकट वाटलं.

बायजामाय झोपडीतून वर आली होती. कमरेत वाकलेली, एक हात गुडघ्यावर. तुलारामानं एक गाडगं दगडावर आपटायला उचललं तशी ती म्हणाली, "फोडू नको तुलारामा. त्याच्यात तुह्या मोठ्या लेकाची नाळ हाय."

एवढं बोलली मात्र. तुलारामानं गाडगं साप धरल्यासारखं खाली टाकलं आणि सगळी गर्दी दोन पावलं मागं सरली. कोणाचं कोणतं, हिला ठाऊक आहे! अरे, ज्या बाईनं चाळीस वर्षं हातानं पुरली तिला जागा ठाऊक नसणार तर कोणाला? पण हे कोण कोणाला सांगणार? लोक खड्डे तसेच टाकून निघून गेले. म्हातारी एकटी बसून गाडगी पुन्हा मातीत घालत राहिली. टिकाराम लांब उभा होता. मदतीला जावं असं त्याला वाटलं. गेला नाही. का गेला नाही, हे त्यानं त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या श्रावणात रुखमिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. टिकारामानं सगळी जुळवाजुळव आधीच करून ठेवली होती. दिवस भरले की सकाळच्या गाडीनं साकोलीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, गाडी घरासमोर उभी करायची. पण पोळ्याच्या आठवड्यात झड लागली, तलाव तुडुंब भरला, आणि फाल्गुनात जिथं उकरलं होतं तिथूनच पाळ पाझरू लागली. एका पहाटे तेवढा तुकडा खचला. गाव बचावलं, पण नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा फरशीपूल, वाहून गेला. गाडी पलीकडच्या काठावर येऊन, हॉर्न देऊन, परत फिरली. आणि त्याच दिवशी दुपारी रुखमिणीला कळा सुरू झाल्या.

दुसऱ्या गावची सुईणही नाल्यापलीकडची. ललिताबाई घामानं निथळत बाहेर आली.

"जा. बायजामायले आन."

टिकाराम जागचा हलला नाही.

"काहून उभा राहिला? पोरगी मरून राहिली अंदर!"

तो गेला. झोपडीच्या दाराशी उभा राहिला. बायजामायनं त्याच्याकडे पाहिलं, आणि विचारलं फक्त एवढं, "रुखमी काय?" त्यानं मान हलवली. तिनं हात धुतले आणि निघाली. गल्लीतून जाताना दोन्ही बाजूंची दारं लागत गेली. टिकाराम तिच्या मागून चालत होता, आणि लागणारं एकेक दार त्याच्या काळजावर आपटत होतं.

दोन तास. आतून किंकाळ्या, मग काहीच नाही, मग बायजामायचा आवाज, "आता नाही, आता नाही, थांब माय... आता!" मग एक बारीकसं रडणं. ललिताबाई बाहेर आली ती रडत-हसत. मुलगी होती. नाळेचे दोन वेढे गळ्याला बसले होते. म्हातारीनं बोटानं सोडवले होते. "दुसरी कोणी असती तर गेलं असतं लेकरू," ललिताबाई म्हणाली, आणि आत जाऊन तिनं बायजामायच्या पायांवर डोकं ठेवलं. टिकाराम ओसरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. सुटलो, असं त्याला वाटलं. उद्या गावाला ओरडून सांगीन, पाहा, माझ्याच घरी, माझ्याच नातीला हिनं वाचवलं. आता तर मानतील!

पाऊस उघडला होता. दिवेलागणीला अजून वेळ होता. बायजामायनं गाडगं मागितलं, मूठभर तांदूळ, एक खिळा. ललिताबाईनं सगळं दिलं. म्हातारी पदराखाली गाडगं धरून पाळीकडे चालू लागली.

टिकाराम तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला. आणि त्याला आपलीच ओळ आठवली: ज्याची नाळ तिच्याजवळ, त्याचा जीव तिच्याजवळ. मूर्खा, हे तूच लिहिलंस, तो स्वतःला म्हणाला. स्टँडवर बसून, गोंदियाची गाडी उशिरा येणार होती त्या दिवशी. काही सांगायचं होतं म्हणून नाही, मुखपृष्ठ हवं होतं म्हणून. त्यातलं जीव घेण्याचं एक अक्षर खरं नाही. हे सगळं त्याला नीट ठाऊक होतं. तरी तो उठला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथं राक्षसही त्यानंच घडवलेला. नुसतं लांबून पाहून येऊ, जागा तेवढी पाहून ठेवू, असं म्हणत तो चपला न घालता निघाला.

खचलेल्या जागेपासून दूर, पाळीच्या दुसऱ्या टोकाला ती बसली होती. खुरपीनं खड्डा केला होता. गाडगं दोन्ही हातांनी धरून, तोंड त्याच्याशी नेऊन ती काही पुटपुटत होती. टिकाराम पळसाच्या झुडपाआड उभा होता. त्यानं कान दिला. काय म्हणते? नाव तर अजून ठेवलंही नाही! तो एक पाऊल पुढं सरकला, आणखी एक.

"टिकाराम हाय काय?" म्हातारीनं मागं न पाहता विचारलं.

त्याला खोटं बोलता आलं नाही. "हाव."

तिनं गाडगं खाली ठेवलं. मग वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"साऱ्या गावानं उकरून पायलं, मी काई बोलली नाई. त्यायले काय मालूम? त्यायनं पुस्तकात ऐकलं." तिनं हाताची माती झटकली. "तुले तर मालूम होतं ना बापा? तू तर सोता बनवलं होतं."

टिकारामाला तिच्या पाया पडायचं होतं. माफी मागायची होती. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "माय, तू... तू त्याच्यात काय म्हणून राहिली होती?"

बायजामायनं त्याच्याकडे पाहिलं. "जगू दे, म्हणून राहिली होती. दुसरं काय म्हणन मी?"

मग तिनं खड्डा पायानं बुजवला. गाडगं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "तू पायलं. ही जागा बाटली आता. तूच गाड कुठं तरी. मले सांगू नको." खुरपी त्याच्या पायाशी ठेवून ती पाळ उतरू लागली, गावाकडे नाही, झोपडीकडेही नाही, कोंढ्याच्या वाटेनं, जिकडे तिचा भाऊ राहत होता.

टिकाराम गाडगं छातीशी धरून उभा राहिला. त्या म्हातारीला हाक मारून परत आणावं, एवढं एकच करण्यासारखं होतं, आणि ते त्याला कळतही होतं. पण खरं सांगायचं तर, ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तो भेदरून तिच्याकडे टक लावून फक्त एवढंच पाहत होता, की ती खरंच जाते की नाही.